दोन टँकर गोडं पाणी

भात खाऱ्या जमिनीत तगतं की नाही ते बघायला सरकारने पैसे दिले, आणि आमच्या साहेबांनी त्या जमिनीत गोडं पाणी ओतलं. शहाण्या माणसाला एवढं सांगितलं तरी पुरे व्हावं. पण मी त्या प्रकल्पात तीन वर्षं नोकरी केली आहे, शहाणी माणसं किती थोडी असतात ते मला माहीत आहे. म्हणून सगळं सांगते.

मी आमच्या खाडीकाठच्या गावातली शेतकीची पदवी घेतलेली पहिली मुलगी. गाव कशेळीच्या अलीकडे. आता त्याला गाव म्हणायचं ते फक्त देवळापुरतं, बाकी सगळी गोदामं. मला प्रकल्पात 'क्षेत्र सहाय्यक' म्हणून घेतलं, दर अकरा महिन्यांनी करार. काम सोपं होतं. चिखलात मी उतरायचं, रोपं मी मोजायची, नोंदी मी लिहायच्या आणि अहवालावर सही साहेबांनी करायची. राहायला मी भिवंडीत, नारपोलीला, खाली लूम आणि वर खोली. खटखटीत झोपायची सवय झाली की साहेबांची भाषणंसुद्धा सुसह्य वाटतात.

प्रकल्पाचं नाव दोन ओळींचं होतं. त्यात उत्पादनवाढ होती, गुणवत्ता होती आणि ताण-सहनशीलता होती. ताण पिकाचा, माझा नव्हे. आमच्याकडे पिकाला ताण म्हणजे मीठ. भरतीचं पाणी बांधातून झिरपतं, पावसाळ्यात पाऊस ते मीठ धुऊन काढतो, आणि पाऊस ओढला की मीठ पुन्हा वर येतं. ऐन फुलोऱ्यात असं झालं की साधं भात टोकापासून करपत जातं. तर संशोधन केंद्रातून एक नवीन सुधारित वाण आलं होतं आणि ते या मिठात टिकतं का हे आम्हाला तपासायचं होतं. तुलनेला शेजारी लावायचं जुनं स्थानिक भात.

ते जुनं भात राहिलं होतं एकाच माणसाकडे, माझ्या आत्याकडे.

आत्याचा तुकडा पंधरा गुंठ्यांचा, चाचणीचे पट्टेही त्यातच आखलेले. दोन बाजूंना गोदामं, तिसऱ्या बाजूला ट्रेलर उभे, चौथीकडे खाडीचा बांध. आजोबांनी तो तिच्या नावावर करून दिलेला, कारण नवरा गेल्यावर ती माहेरी आली आणि सगळी शेती तिनेच ओढली. तिच्या लाल भाताला आसपासची बायामाणसं हसायची. ट्रेलरचा धूर खाऊन वाढलेलं भात कोण खाणार गो, म्हणायची. हसणाऱ्यांत एकीनेही दहा वर्षांत चिखलात पाय घातला नव्हता. भाडं येतं, कुरियरवाल्याकडून तयार पिठाची पाकिटं येतात, मग पायाला माती कशाला लागेल?

आत्याच्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. एक, ती शेताचं पाणी चाखायची. रोज सकाळी बांधावर बसून बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि थुंकायची. "आज जरा चढलंय," म्हणायची, किंवा "उतरलं." साहेबांकडे क्षारता मोजायचा मीटर होता, परदेशी, मखमली पेटीतला. पहिल्या महिन्यात मी गंमत म्हणून तिचं बोलणं आणि मीटरचा आकडा शेजारी शेजारी लिहीत गेले. एकदाही चुकली नाही. मीटर दोनदा चुकला, कारण त्याचा सेल उतरला होता. साहेबांना सांगितलं तर ते हसले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग! पण जिभेला कॅलिब्रेशन नसतं." स्वतःच्या जिभेबद्दल त्यांनी हा विचार कधी केला नाही.

दुसरी गोष्ट बियाण्याची. कापणीआधी ती एकटी शेतात फिरून लोंब्या निवडायची. मीठ वर आलेलं असतानाही ज्या भरल्या त्याच घ्यायच्या, बाकीच्यांकडे बघायचंसुद्धा नाही. त्यांचं बी वेगळं सुकवून ती माळ्यावरच्या कणगीत ठेवायची. बी खायचं नाही, हा आमच्या घरातला कायदा. माझ्या लहानपणी एक वर्ष असं आलं की बांध फुटला आणि सगळं शेत खाडीने खाल्लं. त्या वर्षी आम्ही रेशनचा किडका तांदूळ खाल्ला, पण माळ्यावरच्या कणगीला कुणी हात लावला नाही. मी एकदा विचारलं तर आत्याने पाठीत धपाटा घातला होता. "बी खाल्लं म्हंजे पुढचं सगलं खाल्लं," म्हणाली.

आता माझा भाऊ. वाईट माणूस नाही, फक्त त्याला कुठेही मोकळी जमीन दिसली की तिथे पार्किंग दिसतं. गळ्यात साखळी, दाराशी पांढरी गाडी आणि गाडी धुवायला पगारी माणूस. स्वतःच्या वाट्याची जमीन गोदामाला दिली तेव्हापासून तो "मी बिझनेसमध्ये आहे" असं सांगतो. भाडं घेणं हा बिझनेस असेल तर झोपणं हा व्यायाम म्हणायला हवा. त्याला आत्याचा तुकडा हवा होता, ट्रेलर वळवायला. दोन वर्षं तो कागद घेऊन फिरत होता आणि आत्या त्याला चहा पाजून परत पाठवत होती.

प्रकल्पाच्या तिसऱ्या वर्षी जून महिन्यात त्याने पुन्हा कागद काढला. मी होते तिथे. आत्याने चहा दिला नाही. गुडघे चोळत म्हणाली, "हे बग. औंदा हिच्या सायबाचा निकाल लागंल. त्यांनी सांगितलं माझं भात कामाचं हाय, तर तुज्या कागदाची चूल पेटवीन. कामाचं न्हाय म्हनाले, तर सही करीन. ज्या भाताला कोन इचारीत न्हाय त्याच्यासाटी म्हातारपनी भांडायचं कशाला?"

भाऊ माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. मला वाटलं, निकाल तर लागलेलाच आहे. दोन वर्षं मी रोपं मोजली होती, कुठलं तगतं ते मला दिसत होतं. अगदी मूर्खासारखी निश्चिंत होते मी.

त्या वर्षी पाऊस लवकर ओढला. भाद्रपदातच ऊन तापलं, बांधाच्या कडेला मिठाची पांढरी साय धरली. चाचणीला याहून चांगलं काय हवं? हीच तर परीक्षा. आठ दिवसांत साहेबांचं सुधारित वाण शेंड्यापासून तांबडं पडायला लागलं. आत्याचं लाल भात शेजारच्याच पट्ट्यात हिरवं उभं होतं, लोंब्या बाहेर पडत होत्या. आत्या बांधावर बसून बोट चाखायची आणि सुधारित वाणाकडे बघून तोंडाला पदर लावायची. तिला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी बघत होते.

मी साहेबांना फोटो पाठवले. त्यांचा लगेच फोन आला. मला वाटलं आनंदाचा असेल.

"हे काय झालंय? पुढच्या आठवड्यात समिती येतेय. आपलं वाण असं दाखवायचं?"

मी म्हटलं, "सर, हाच निष्कर्ष आहे. आपलं करपतंय आणि स्थानिक टिकतंय."

"निष्कर्ष काय काढायचा ते मी बघतो. वाण केंद्राचं आहे, तुमच्या आत्याबाईंचं नाही. लूक सुधारला पाहिजे प्लॉटचा. पाणी द्या आणि युरिया मारा."

"सर, खाऱ्या पाण्याच्या चाचणीत गोडं पाणी?"

"संरक्षित पाणी म्हणतात त्याला," साहेब म्हणाले. शब्द सापडला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. "आणि हो, तुमच्या कराराची फाइल माझ्याच टेबलावर आहे. बघू या."

फाइलचा शेताशी काय संबंध, हे मी विचारलं नाही. माणूस उघड धमकी देतो तेव्हा निदान त्याला शिवी तरी देता येते. हे 'बघू या' म्हणणारे फार नीच असतात, कारण त्यांना आपण सभ्य आहोत असंही वाटत राहतं.

टँकर मीच ठरवला. त्या दिवशी आत्या डोळे दाखवायला धामणकर नाक्याच्या डॉक्टरकडे गेली होती, भाऊ तिला गाडीतून घेऊन गेला होता. नाक्यावरचं ट्रॅफिक माहीत होतं, म्हणजे दुपार माझी होती. पहिला टँकर बांधाजवळ लागला. चालक उतरला, शेत बघितलं आणि मला विचारलं, "मैडम, ये पीने का पानी है. सच में खेत में डालना है?"

"हां, डालो."

"यहाँ तो नमक चढ़ा है."

"इसीलिए डालना है. नमक में कौन सा धान टिकता है, वो देखना है."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "तो फिर नमक रहने दो ना," म्हणाला, आणि पाइप लावला. बलियाकडचा कुठला तरी माणूस, चौथीपर्यंत शिकलेला. आमच्या प्रकल्पातल्या चार डॉक्टरेटना जे सुचलं नाही ते त्याला पाइप खांद्यावर घेईपर्यंत सुचलं. दोन टँकर ओतले. वरून मी हाताने युरिया फेकला. सगळ्या पट्ट्यांना बांध एकच, त्यामुळे आत्याच्या भातालाही तितकंच मिळालं. संध्याकाळी खोलीवर गेले तर आमच्या चाळीत बोंबाबोंब चाललेली, दुपारचा टँकर आलाच नव्हता. मीही रिकामी बादली घेऊन रांगेत उभी राहिले आणि बाकीच्यांबरोबर टँकरवाल्याला शिव्या घातल्या.

पण त्याआधी, त्याच दुपारी उशिरा, आत्या परत आली. डोळ्यात औषध घातलेलं, दिसत धड नव्हतं, तरी पहिली बांधावर गेली. बोट बुडवलं. जिभेला लावलं. थुंकली नाही. पुन्हा बुडवलं.

"बाय, पानी गोड कसं झालं गो?"

सांगायला हवं होतं. एवढंच बोलायचं होतं, साहेबांनी टँकर ओतायला लावला म्हणून. ती काही मला मारणार नव्हती.

"तू भिवंडीत होतीस ना, तेव्हा इथं मोठी सर येऊन गेली," मी म्हटलं.

तिने अंगणाकडे बघितलं. अंगणात चटईवर तिचा जवळा सुकत पडलेला होता, कडकडीत. "जवला भिजला न्हाय?"

"मी उचलला होता. ऊन पडल्यावर परत पसरला."

खोटं बोलताना माणसाला काय काय सुचतं! शाळेत निबंधात असं सुचलं असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते. आत्या थोडा वेळ माझ्या आवाजाच्या दिशेने बघत राहिली. मग म्हणाली, "बरं झालं बाय, उचललास," आणि घरात गेली.

पुढचं शेतकीच्या कुठल्याही पोराला आधीच सांगता आलं असतं. जुनं भात उंच असतं, ते उपाशी राहायला शिकलेलं. त्याला पोटभर गोडं पाणी आणि युरिया मिळाला की ते माजतं आणि वाऱ्यावर आडवं होतं. बुटकं सुधारित वाण असलं खाऊन सुखाने उभं राहतं. समिती यायच्या आदल्या दिवशी खाडीवरून वारा सुटला आणि आत्याचं सगळं भात चिखलात लोळलं. समितीतल्या लोकांनी गाडीतून न उतरताच बोटं दाखवली. एकाने उतरायचा प्रयत्न केला, पण बूट नवीन होते. साहेबांनी बांधावर उभं राहून असं काही समजावून सांगितलं की मलाच क्षणभर खरं वाटलं. नाचता येईना त्याने अंगण वाकडं म्हणावं इथपर्यंत ठीक, यांनी दुसऱ्याचं अंगण वाकडं करून दाखवलं.

कापणीनंतर वजनं झाली. नोंदी मीच लिहिल्या. 'संरक्षित पाणी' हा शब्द अहवालाच्या शेवटी बारीक अक्षरात होता, पावसाच्या रकान्याखाली. मार्गशीर्षात साहेबांनी आत्याच्या अंगणात शेतकरी मेळावा घेतला. शेतकरी एकच, आत्या. बाकीचे खुर्च्या भरायला भावाने गोदामातून आणलेले हमाल. त्यांना वडापाव मिळाला, त्यांची काही तक्रार नव्हती. साहेबांनी वाचून दाखवलं, "स्थानिक वाण आडवं पडण्यास प्रवण असून शिफारसयोग्य नाही."

आत्याने मला विचारलं, "म्हंजे काय म्हनतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते. भाऊसुद्धा. मी म्हटलं, "कामाचं नाही म्हणतात."

"तू मोजलंस?"

"हो."

"मंग बरोबर असंल," ती म्हणाली. साहेबांनी तिच्या हातात सुधारित बियाण्याची पिशवी दिली आणि फोटो काढला. फोटोत मी मागे उभी आहे, टाळ्या वाजवताना.

चाचणीतलं लाल भात दुसऱ्या दिवशी गोणीत भरून गिरणीवाल्याकडे गेलं, इतर भातात मिसळून. मी साहेबांना विचारलं होतं, थोडं बी केंद्रात ठेवू या का? "नापास वाणांची धर्मशाळा काढायचीय का आपल्याला?" म्हणाले. मला वाटलं, जाऊ दे, आत्याच्या माळ्यावर आहेच.

त्यानंतर दहा-बारा दिवसांनी साहेब आपला फलक आणि मीटर न्यायला आले. जमीन जाणार होती, फलक कशाला सोडायचा? आत्याने त्यांना अडवलं. "जेवल्याबिगर जायाचं न्हाय." साहेबांना असं कधी दोनदा सांगावं लागत नाही. ओटीवर पानं मांडली. कोलंबीचं कालवण, जवळ्याची चटणी आणि लाल भात, वाफाळलेला.

साहेबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "वा! वा वा! हा कुठला हो तांदूळ? काय गोडी आहे! आणि सुवास!" दुसऱ्यांदा वाढून घेतला, तिसऱ्यांदा घेतला. माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा, याला म्हणतात गुणवत्ता. यावर वेगळा प्रकल्प होऊ शकतो. मावशी, दहाएक किलो मिळेल का? घरी न्यायला पाच, आणि पाच बियाण्याला."

"याचाच निकाल लावलात ना सायब," आत्या म्हणाली. आवाजात राग नव्हता, कालवण वाढत होती. "बी आता कुटं ऱ्हायलंय? सगलं भरडून आनलं. शेजारपाजाऱ्यांना वाटलं, ऱ्हायलं त्ये तुमच्या पानात हाय."

साहेब म्हणाले, "अरेरे! आधी सांगायचं ना." मग हात धुतले, बडीशेप मागितली, फलक गाडीत टाकून निघून गेले. ट्रॅफिक लागायच्या आत ठाण्याला पोचायचं होतं त्यांना.

मी पान तसंच टाकून माळ्यावर चढले. कणगी रिकामी होती, झाडून ठेवलेली. कोपऱ्यात चार दाणे असतील म्हणून मी बोटांनी चाचपलं. आत्याचं झाडणं मला माहीत आहे. एक दाणा नव्हता.

खाली आले आणि मला रडू फुटलं. म्हटलं, "आत्या, सगळं का गं भरडलंस? ते टँकरचं पाणी होतं. पाऊस नव्हता आला. मी ओतलं. तुझं भात नापास नव्हतं गं."

ती माझ्या पानाशी बसली होती, पानावरची माशी पदराने हाकलत. ट्रेलर वळत होता त्याचा रिव्हर्सचा आवाज ओटीपर्यंत येत होता, कारण सकाळीच सही झाली होती.

"मना वाटलेलं," ती म्हणाली. "पानी नलाचं लागलं. पन तू बोललीस सर आली. जल्मभर मी माज्या जिभंवर इश्वास ठेवला, त्या दिवशी म्हटलं, पोर शिकल्येय, तिच्यावर ठेवू."

मग तिने पान माझ्याकडे सरकवलं. "खा आता. बी हाय त्ये, टाकू नको."